पिंग जात नाही

आमच्याकडे तक्रारींचं एक रजिस्टर आहे. "नेट गेलं" असा फोन आला की नोंद करायची, जाऊन यायचं आणि शेवटच्या रकान्यात लिहायचं, "निवारण झाले." रकाना बोटभर रुंद. त्यात जे मावत नाही ते आमच्या डोक्यात साठत जातं. मी आणि गाडेकर चहाला बसलो की ते बाहेर पडतं. लोक म्हणतात, काय मस्त किस्से आहेत हो तुमच्याकडे!

गाडेकर माझा जोडीदार. जिल्ह्यातल्या शाळा, ग्रामपंचायती, दवाखाने इथले कॉम्प्युटर सांभाळायचं कंत्राट एका एजन्सीकडे आहे आणि त्या एजन्सीची माणसं म्हणजे आम्ही दोघंच. सगळ्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स, कारण ते फुकट मिळतं. नेट गेलं की पहिलं काम पिंग. म्हणजे या मशीनने त्या मशीनला हाक मारायची आणि तिकडून 'ओ' येते का बघायचं. बहुतेक वेळा येत नाही.

*

श्रीगोंद्याकडच्या एका शाळेतून मुख्याध्यापकांचा फोन आला. "सर, पंधरा दिवस झाले, नेट न्हाई."

"वायर नीट आहे का बघा. तुटलीय का कुठे?"

"न्हाई न्हाई. वायर एकदम मजबूत हाय!"

फोनवर तासभर सगळं करून पाहिलं. काही हलेना. शेवटी दुसऱ्या दिवशी मोटारसायकल काढली आणि सत्तर किलोमीटर उन्हात गेलो. लॅबमध्ये मशीनच्या मागे बघतो तर वायरच नाही!

"अहो, वायर कुठाय?"

सर मला बाहेर घेऊन गेले. शाळेचं फाटक निळ्या नेटवर्क केबलने चार वेढे देऊन बांधलं होतं.

"कडी मोडलीया. पंचायतीला तीनदा लिहून दिलं, कोनी आलं न्हाई. पोषण आहाराच्या खोलीत शेळ्या घुसत हुत्या." मग त्यांनी केबल ओढून दाखवली. "म्हनलं न्हवतं का, मजबूत हाय? शेळीलासुदिक तुटली न्हाई!"

मी नवी केबल टाकली. फाटकाची सोडायचा धीर झाला नाही.

*

एका सरकारी दवाखान्यात मशीन हाकेला ओ देत होतं, पण कुठलीही साइट उघडत नव्हती. साइटच्या नावावरून तिचा नंबर शोधायची जी सोय असते, तिची फाइल कुणीतरी कोरी करून ठेवली होती. मोठे डॉक्टरसाहेब घाईत होते. म्हणाले, "मला सोप्या भाषेत सांगा."

मी म्हणालो, "साहेब, फोन चालू आहे, पण फोनबुक हरवलंय."

इथेच चुकलो. साहेबांनी ते शब्द जसेच्या तसे वर कळवले. तीन आठवड्यांनी वरून पत्र आलं, 'कार्यालयीन फोनबुक गहाळ झाल्याप्रकरणी जबाबदारी निश्चित करावी.' जबाबदारी निश्चित करायची म्हटल्यावर ती खाली खाली घरंगळत शिपाई किसनमामांपाशी येऊन थांबली. त्यांना रिटायर व्हायला चार महिने राहिले होते. हातात नोटीस!

मामांनी मला फोन केला. "सायेब, मी कधी कोनाच्या टाचनीला हात लावला न्हाई हो."

मी डॉक्टरसाहेबांकडे गेलो, लेखी खुलासा दिला, असं पुस्तक अस्तित्वातच नसतं असं तीन वेळा सांगितलं. साहेब म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण आता फाइल सुरू झालीय."

शेवटी मामांनी बाजारातून एक डायरी आणली. आठवडाभर बसून तालुक्यातले सगळे दवाखाने, ॲम्ब्युलन्स, पोलीस स्टेशन, सगळ्यांचे नंबर स्वतःच्या अक्षरात लिहिले आणि डायरी कार्यालयात जमा केली. त्यांना शिक्का मारून पोच मिळाली, 'हरवलेले फोनबुक प्राप्त झाले. प्रकरण बंद.'

मामांच्या निरोप समारंभात साहेब बोलले, "एक प्रसंग सोडला, तर किसनची नोकरी डागाविना गेली."

*

पुणतांब्याजवळच्या एका गावात 'डिजिटल ग्राम'चं उद्घाटन होतं. फीत, नारळ, मांडव, सगळं तयार. नेट मात्र सकाळपासून बंद. रस्त्याच्या कामात जेसीबीने लाइन तोडली होती. मी पळत पळत उद्घाटनाला आलेल्या मोठ्या साहेबांपाशी गेलो.

"साहेब, पिंग जात नाही."

साहेबांनी टोपी नीट केली, कॅमेऱ्याकडे बघून हसले आणि ओठ न हलवता म्हणाले, "फोटोत पिंग दिसतं का?"

*

हा गाडेकरचा किस्सा, संगमनेर तालुक्यातल्या एका ऑफिसातला. तो हा कधी हसून सांगत नाही.

तिथे देशमाने आणि लोखंडे असे दोन क्लार्क होते. शाळेपासूनचे दोस्त, डबासुद्धा एकत्र खायचे. ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले आणि भांडण सुरू झालं. लोखंडेंनी मशीन चालू केलं, की देशमानेंचं नेट जायचं. लोखंडेंनी बंद केलं, की यायचं! देशमाने म्हणायचे, "हा मुद्दाम करतो. माझी कामं मागं पडावीत, प्रमोशन याला मिळावं म्हणून." आधी बोलणं बंद झालं, मग डबा. मग लेखी तक्रारी. आठ महिने हेच चाललं. आम्हाला मात्र कुणी बोलावलं नाही, कारण बिघाड मशीनमध्ये आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

गाडेकर तिथे गेला तो प्रिंटर बघायला. नेटवर प्रत्येक मशीनला स्वतःचा वेगळा नंबर लागतो. सहज तपासलं तर दोन्ही मशीनना एकच नंबर! ज्याने मशीन बसवली, त्याने एकाची नक्कल दुसऱ्यात टाकली होती आणि नंबर बदलायचं विसरला होता. एका पत्त्यावर दोन घरं, मग टपाल कुणाला जाणार? गाडेकरने एका नंबरातल्या शेवटच्या पंधराचे सोळा केले. दोन मिनिटांत दोन्हीकडे नेट चालू.

शेजारच्या टेबलावर लोखंडे खण रिकामा करत होते. त्याच तक्रारींवरून त्यांची जामखेडला बदली झाली होती, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तो त्यांचा शेवटचा दिवस होता.

देशमाने गाडेकरला व्हरांड्यात घेऊन गेले. "म्हणजे तो मुद्दाम करत नव्हता?"

"नाही."

देशमाने खांबाला हात लावून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "हे रिपोर्टमध्ये लिहू नका."

*

आता माझा. पाथर्डीच्या पुढचं एक गाव आहे. दसरा-दिवाळी झाली, की निम्मं गाव ऊसतोडीला बाहेर पडतं. पोरांना बरोबर न्यावं लागू नये म्हणून गावात तेवढ्या हंगामापुरतं वसतिगृह चालतं. त्याच्या यादीत नाव ऑनलाइन चढवावं लागतं. त्या दिवशी शेवटची तारीख होती, पाच वाजेपर्यंत.

चार वाजता तिथल्या सेवा केंद्राच्या रेखाताईंचा फोन आला. "सर, एकच नाव राहिलंय आणि नेट गेलं. वैशाली म्हणून मुलगी आहे, सातवीतली. समोरच बसलीय."

मी राहुरीत होतो. पोचणं शक्यच नव्हतं. रेखाताईंना इंग्रजी अक्षरं शोधायला वेळ लागत होता, म्हणून फोन स्पीकरवर टाकून ती मुलगीच कीबोर्डवर बसली. पाऊण तास मी तिला वायर काढायला लावली, राउटर बंद-चालू करायला लावला, नेटच्या कंपनीला शिव्या घातल्या. मागून तिच्या बापाचा आवाज यायचा, "साहेब, ट्रक भरलाय. मुकादम लई हाका मारतोय."

शेवटी मी एक कमांड सांगितली आणि स्क्रीनवर काय आलं ते वाचायला लावलं. ती वाचत गेली. मग थांबली.

"सर, हितं नंबरच न्हाई."

चार दिवसांपूर्वी मीच तिथे गेलो होतो. नंबर कमांडने टाकला, नेट आलं, निघालो. असा नुसता कमांडने टाकलेला नंबर मशीन बंद होईपर्यंतच राहतो, कायमचा हवा तर फाइलमध्ये लिहावा लागतो. ते दोन मिनिटांचं काम. पण माझी एस.टी. लागली होती. केंद्रातलं मशीन रात्रीही चालूच असायचं, पण त्या दुपारी गावची लाइट जाऊन आली, मधे मशीन बंद पडलं आणि नंबर गेला.

मी अक्षर अक्षर सांगत गेलो. "एस, यू, डी, ओ. आता स्पेस."

"स्पेस म्हंजी मोकळी जागा ना, सर?"

दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा ती ओरडली, "सर, उत्तर आलं! येतंच राहिलंय!"

रेखाताईंनी पान उघडलं. पाच वाजून सहा मिनिटं झाली होती. मुदत संपल्याचा लाल पट्टा रेखाताईंनी मोठ्याने वाचला.

मग वैशालीच म्हणाली, "सर, लाइट गेली तर परत जाईल का हे?"

"जाईल. फाइलमध्ये लिहिलं तर नाही जाणार."

"मग सांगा."

बाप दारात उभा होता. तिने फाइल उघडली, मी सांगितलं तसं लिहिलं, सेव्ह केलं आणि बापामागे ट्रककडे गेली.

मार्चमध्ये मी त्या केंद्रावर दुसऱ्या कामाला गेलो. मधल्या काळात तिथून एकही तक्रार नव्हती. मी ती फाइल उघडली. नंबर बरोबर होता. खाली, वरच्या ओळींचं बघून तिने हॅशची खूण टाकली होती आणि इंग्रजी अक्षरांत एक ओळ लिहिली होती, 'आता नेट जाणार नाही. वैशाली, ७ वी.'

रेखाताई वाकून बघत होत्या. "ही ओळ कशासाठी असते हो सर?"

"पुढे हॅश आहे ना," मी म्हणालो, "मशीन ती वाचत नाही."