आत्याने एजंटला दिलेलं उत्तर

मंडळी, दुपारपासून लॅपटॉप उघडवत नाहीये, म्हणून फोनवरून लिहितोय.

महाडला घरी बसून मी एआय एजंटसाठी एक प्लगइन बनवतोय. पाऊस वाढला की गावातल्या कुठल्या घरात आसरा घ्यायचा, एवढंच त्याने सांगायचं. चाचणीसाठी घरं हवी होती, तर मला पाठ असलेली भरली, पोलादपूरच्या डोंगरातल्या आमच्या जुन्या वाडीची. ती वाडी दरडीखाली गेली. तिथे राहणाऱ्या आमच्या माणसांतली आत्या तेवढी वाचली, ती आता आमच्याकडेच असते.

आज जेवणानंतर टूल चालू केलं. बोलणं गावचं हवं म्हणून शेजारी बसलेल्या आत्यालाच म्हटलं, "तू विचार."

ती म्हणाली, "पाऊस लय हाय रे. कुठं जाऊ?"

एजंटने लगेच सांगितलं, "तात्यांचं घर पक्क्या स्लॅबचं आहे. सगळे तिथे जमा व्हा."

 आत्या म्हणाली, "त्या दिवशी आम्ही पण हेच ठरवलेलं. मी म्हैस सोडायला मागं राहिले."

दरड तात्यांच्या घरावरच आली होती.

मी बंद करायच्या आत एजंटने पुढचा प्रश्न विचारला. तो मीच लिहिलेला. "सगळे पोचले का?"

"पोचले," आत्या म्हणाली. "मी सोडून सगळी पोचली."

"मग तुम्हीही लवकर निघा. सगळे तुमची वाट बघत असतील."

कोड मी दुरुस्त करीन. पण आत्या तेव्हापासून पायात चपला घालून ओटीवर बसलीय. तिला काय सांगू?