चांगुणाचं अक्षर

उमरग्याच्या वृद्धाश्रमात सेवेला असलेल्या चांगुणाचं अक्षर मोत्यासारखं, आणि त्याचा तिला भारी तोरा. म्हणूनच व्यवस्थापक वैजनाथरावांनी जेवणघरातला पांढरा फळा तिच्या हवाली केला होता. कुणाचं काय दुखणं, कुणाला कुठली गोळी, सगळं नावापुढं लिहायचं. नव्या बाईची चूक व्हायला नको. चांगुणा तो रोज हौसेनं लिहायची.

आता वाढदिवस म्हटला की लोक केळी वाटायला आश्रमातच येतात, आणि फोटो निघाल्याशिवाय केळं कुणाच्या हाती पडत नाही. त्या दिवशी एका पाहुणीनं फळा मोठ्यानं वाचला, "शंकरप्पा, लघवी सुटते. अय्या, यातले शंकरप्पा कोण?" दोघंतिघं हसले. फोटोत अप्पा आले आणि मागचा फळाही.

शंकरप्पा एसटीतले जुने कंडक्टर. भरली गाडी एका आवाजात गप्प करणारा माणूस. दुसऱ्या दिवसापासून ते खोलीबाहेर येईनात. तिसऱ्या दिवशी चांगुणानं पाहिलं, तांब्या भरलेलाच आणि अप्पांचे ओठ सुकून गेलेले.

"अप्पा, पाणी का पीत न्हाय तुमी?"

"पिलं की साऱ्या गावाला कळतंय, बाई. तुमचं अक्षर लई चांगलंय."

चांगुणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तडक जेवणघरात गेली आणि पदरानं फळा पुसून काढला. वैजनाथराव धावत आले.

"अगं, गोळ्यांची गफलत झाली म्हणजे?"

"न्हाय व्हायची. वहीत लिहिते, वही कुलपात. ज्यानं गोळी द्यायची त्यानंच वाचायची. सर, उद्या तुमची मूळव्याध म्या फाटकावर लिहिली तर चालंल का?"

वैजनाथरावांनी आधी दार लोटून घेतलं. मग वहीला कबूल झाले.

चांगुणा अप्पांकडं परतली. "चुकलं माझं. आता कायबी लागलं तर नुसती मला खूण करा, बोलू नका," म्हणत तिनं तांब्या पुढं केला. अप्पांनी दोनच घोट घेतले. तिला तेवढेही पुष्कळ वाटले.

पुढच्या रविवारी पुन्हा केळी आली. अप्पा जेवणघरात बसले होते. वाढदिवसवाल्यानं चांगुणाला विचारलं, "या आजोबांना काय आजार आहे?"

"त्यांनाच इचारा की."

"भूक!" अप्पा कडाडले. "आधी केळं. फोटो मागनं, त्योबी मला इचारून."

सगळं जेवणघर गप्प झालं. अप्पांनी सर्वांसमोर तांब्या उचलला आणि गटागटा रिकामा केला.