बाहेरचा दांडा

यजमान गेल्यावर शेतीबरोबर त्यांची शिडाची लहान नावही माझ्या अंगावर पडली. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव तापीच्या काठी. पावसाळ्यात पलीकडे चोपड्याच्या बाजूला जायचं तर नावेशिवाय सोय नाही. थोरली लेक पलीकडेच दिली होती. श्रावणात तिला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे भरल्या नदीतून तिला आणणं आलं.

त्या नावेत धरायला काही नव्हतं. मागच्या आषाढात एक म्हातारी ओल्या फळीवरून घसरून पाण्यात गेली आणि नावेच्या गुळगुळीत अंगावर नुसती नखं ओढत राहिली. शेवटी केसांना धरून वर घेतली. म्हणून मी सुताराकडून बाभळीचे दांडे करवून घेतले. हात घालायची फट त्याने आपल्या मुठीने मोजली होती. मी शेजारणीचा बांगड्यांनी भरलेला हात त्यात घालायला लावला, आणि फट वाढवून घेतली. चार दांडे नावेच्या काठाला आतून लावले, एक बाहेरून, पडलेल्या माणसासाठी. जर्मनच्या लढाईमुळे लोखंड मिळत नव्हतं. तेलाच्या गिरणीतले जुने बोल्ट मिळाले तेही थोडेच, तेव्हा बाहेरचा दांडा आणि त्याच्यामागचा आतला, दोन्ही मिळून दोनच आरपार बोल्टांवर आवळले.

नाव चालवणारा म्हातारा बाजूला बसून बघत होता.

"आत बठ्ठं ठीक शे, अक्का," तो म्हणाला. "बाहेर नको. पानीमा जे शेतस, त्या बी धरतीन."

"पाण्यात मासे आहेत, आबा. ते काय धरणार?"

"मासास्ले हात नही ऱ्हातस."

"हात नाहीत ना, मग झालं तर," मी म्हटलं आणि पाना फिरवला.

जाताना काही झालं नाही. येताना लेक नेमकी त्या आतल्या दांड्याला धरून बसली. भर दुपार होती, स्वच्छ ऊन. मधल्या धारेत शीड फुगलेलं असताना नाव थांबली. वाहत येणाऱ्या काटक्या आम्हाला मागे टाकून पुढे जात होत्या. आबाने बांबू टाकला, तळ लागला नाही. नाव हळूहळू एका अंगावर कलली.

"आई, हा ओढतोय," लेक म्हणाली.

"कोण?"

"दांडा. मी इकडून धरलाय, तसा तिकडून कोणीतरी धरलाय."

झाडाचं मूळ अडकलं असेल, नाहीतर जाळं, असं समजून मी वाकून बाहेर हात घातला. मूळ नाही, जाळं नाही. दांडा पाण्याच्या वीतभर वर, मोकळा. फक्त ओला होता, आणि त्या दिवशी लाटा नव्हत्या.

आबा तिकडे बघत नव्हता. "सोडी द्या, अक्का," एवढंच म्हणाला.

नव्या कामात बोल्टांच्या चाक्या ढिल्या पडतात म्हणून पाना माझ्या पिशवीत होता. पण बाहेरचा सोडायचा तर आतलाही सुटणार, आणि लेकीने तो दोन्ही हातांनी धरला होता.

"सोड तो."

"नाही सोडणार. मी सोडला की मीच जाईन."

"मला धर. मी काय बाभळीपेक्षा कच्ची आहे?"

तिने माझ्या कमरेला मिठी घातली. तिचं पोट माझ्या पाठीला टेकलं. मी चाक्या काढल्या. गंजके बोल्ट, ठोकून काढावे लागणार असं धरून चालले होते. ठोकावं लागलं नाही. दोन्ही सारखेच, शांतपणे, कोणी खण ओढावा तसे बाहेर सरकले. दांडा पाण्यात गेला त्याचा आवाज झाला नाही. वाळलेली बाभूळ वर यायला हवी. मी वाट पाहिली. बोल्टांच्या वजनाने बुडाली असेल. नाव सरळ झाली आणि हिसका देऊन निघाली.

घरी आल्यावर लेक जेवता जेवता म्हणाली, "ओढ जोराची नव्हती, आई. लेकरू पदर ओढतं ना, तशी."

मी तिला भाकरी संपवायला सांगितली.

मुलगा झाला. सव्वा महिन्याने सासरहून बोलावणं आलं. बाळ अशक्त आहे, असा मी निरोप पाठवला. बाळ चांगलं धडधाकट होतं. संक्रांत उलटून पाणी उतरलं, गाडी नदीतून जाऊ लागली, तेव्हा त्यांना पोचवायला मी निघाले. पाणी चाकाच्या अर्ध्यावरही नव्हतं. तरी पलीकडचा काठ लागेपर्यंत मी बाळाला मांडीवर ठेवलं, त्याचे दोन्ही हात दुपट्यात घट्ट गुंडाळून.