खुर्चीतलं बोलणं

ते रेकॉर्डिंग मी केलं होतं. हे आज पहिल्यांदा सांगतोय. बायकोलाही ठाऊक नाही. पण आधी माझ्या साडूंविषयी सांगायला हवं, कारण अख्ख्या मराठवाड्यात त्यांच्याइतका डोक्यात जाणारा माणूस दुसरा नसेल.

बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान, मूळचे सिल्लोडचे. दर रविवारी सकाळी नऊला माझ्याकडे येणार, माझाच पेपर माझ्याआधी उघडणार आणि न पटलेल्या ओळींखाली लाल पेनाने रेघा मारणार. मग मी अख्खा आठवडा तो लालभडक पेपर वाचायचा! त्यांच्या पक्षाविषयी मला तिडीक आणि माझ्या मतांची त्यांना कीव. बरं, आंधळे भक्त म्हणून सोडून द्यावं, तर तीही सोय नाही. एकदा भर चौकात त्यांनी स्कूटर थांबवली. समोर त्यांच्याच पक्षाचा भलामोठा फलक होता आणि त्यावर ‘हार्दीक शुभेच्छा’. मागे रिक्षावाले कोकलताहेत, आणि हे फलकावरच्या नंबरला फोन लावून वेलांटी समजावताहेत. मी म्हटलं, “साडू, चला ना, पक्ष तुमचाच आहे.” तर म्हणाले, “पक्ष आपला हाय म्हणून वेलांटी माफ करायची व्हय?”

शहराच्या नावावरून तर आमचं नेहमीचंच. सिल्लोडहून एसटीने परतताना त्यांनी ठासून “एक संभाजीनगर” मागितलं. मी त्याहून मोठ्याने म्हटलं, “एक औरंगाबाद.” कंडक्टरने दोघांकडे पाहिलं. “काका, उतरायचं एकाच स्टँडवर ना?” सगळी गाडी हसली. सगळ्यात जास्त साडू हसले. मी मात्र फुलंब्रीपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो.

त्यांची खरी खोड म्हणजे खुर्ची. माझ्या बैठकीत एक वेताची खुर्ची आहे, ती त्यांची; प्लास्टिकची माझी. वाद तापला, मी हमरीतुमरीवर आलो, की ते टाळी वाजवत. “उठा साडू, खुर्ची बदला!” मग त्यांनी माझ्या खुर्चीत बसून माझी बाजू मांडायची, मी त्यांच्या खुर्चीतून त्यांची. नियम एकच: “खुर्चीतलं बोलणं खुर्चीतच ठिवायचं. उंबऱ्याभाईर नाय.” आणि संताप कशाचा, तर माझी बाजू ते माझ्यापेक्षा चांगली मांडत! त्यांच्या खुर्चीत मी दोन वाक्यांत आटपत असे. त्यांचं म्हणणं मी कधी ऐकलंच नव्हतं, तर मांडणार काय?

गेल्या वर्षी गणपतीआधीच्या रविवारी असंच झालं. माझ्या खुर्चीत बसून ते गरजले, “नाव बदललं, नळ बदलला का? आठ आठ दिवस पाण्याची वाट बघायची, अन् भांडायचं कशावरून, तर ड्रमवर कोणतं नाव लिव्हायचं!” हे मला का सुचत नाही? डोक्यात तिडीक गेली. पेपराखाली मोबाइल होता. त्यावर मी रेकॉर्डिंग चालू केलं; ते अजून त्याच तावात बोलत होते. दुपारी ते रेकॉर्डिंग त्यांच्या कॉलनीतल्या, त्यांच्याच पक्षाच्या गणेश मंडळाच्या एका कार्यकर्त्याला पाठवलं. खाली लिहिलं, ‘ऐका तुमच्या साहेबांचे खरे विचार.’

संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. त्या मंडळाचा विसर्जनाचा माइक वीस वर्षं साडूंच्या हातात होता. त्यांचा “मोरया” ऐकला की गल्लीतली म्हातारी माणसंही गॅलरीत येत. मंडळाने त्यांना बोलावून विचारलं, आवाज तुमचाच का? एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. पण खुर्चीतलं बाहेर कसं न्यायचं? ते एवढंच म्हणाले, “आवाज माझाच हाय.” माइक गेला. मेव्हणी महिनाभर मंडळाला शिव्या देत होती आणि मी मान डोलवत होतो.

त्यांना कळलं नसेल? ते बोलणं ते माझ्या खुर्चीखेरीज कुठेच बोलले नव्हते, आणि समोर मी एकटाच होतो. तरी पुढच्या रविवारी नऊला हे हजर! मला आजही राग येतो तो याचा. अरे, चार शिव्या हासडा, कानाखाली वाजवा! नाही. वेताच्या खुर्चीत बसले, पेपर उघडला. मी मुद्दाम त्यांच्या पक्षाला वाटेल ते बोललो. त्यांनी नुसतं “व्हय” म्हटलं आणि पान उलटलं. टाळी वाजली नाही. त्यानंतर कधीच वाजली नाही. पेपरही आता कोराच राहतो, आणि तो कोरा पेपर मला वाचवत नाही.

यंदाच्या विसर्जनाला मी त्यांच्या शेजारी उभा होतो. माइकवरचा नवा माणूस आरतीतला एक शब्द चुकला. साडूंनी तो ओठातल्या ओठात दुरुस्त केला. उजवी मूठ तोंडासमोर तशीच धरलेली, रिकामी.

मी साडूंना एक वाक्य देणं लागतो, तेही त्याच माइकवरून, सगळ्या गल्लीसमोर: बोलणं माझं होतं, साडूंचा फक्त आवाज होता. ते मी अजून दिलेलं नाही.