सुलाबाई राजी नव्हती

सांगलीत हळदपेठेच्या मागं ख्रिस्ती मंडळीचं एक कौलारू देऊळ होतं, आणि त्या देवळात विश्वासाचं माप नानासोच्या हातात होतं. नानासो वखारीत तोलार. सहा दिवस हळदीची पोती काट्यावर चढवायचा आणि रविवारी माणसं. त्याला म्हणे जन्मात कधी देवाविषयी शंका आली नव्हती. कशी येणार? शंका यायला डोकं वापरावं लागतं, आणि नानासोनं ते फेटा बांधायला जपून ठेवलं होतं.

त्याच वखारीत सुलाबाई हळकुंडं निवडायची. जतकडनं दुष्काळात पोटासाठी आलेली, नवरा आधीच वारलेला, तोंडानं फटकळ. एकुलता एक पोरगा दाविद पलटणीत गेला आणि चव्वेचाळीस साली ब्रह्मदेशाच्या लढाईत मेला.

आता या मंडळीची एक रीत. घरात मयत झालं की पुढच्या प्रभुभोजनाआधी घरच्या माणसानं सगळ्यांदेखत उभं राहायचं आणि म्हणायचं, "प्रभूनं नेलं, मी राजी हाय." मग पाळकसाहेब हात वर करणार, बाया डोळे पुसणार, आणि तो माणूस भाकर अन् प्याला घ्यायला मोकळा. तान्ही पोरं पुरून आलेल्या बायांनीही हे म्हटलं होतं. खरं किती आणि खोटं किती, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

सुलाबाई उभी राहिली. "नेलं हे खरं," ती म्हणाली, "पर मी राजी न्हाई. रोज गुडघं टेकून मागितलं, पोराला माघारी आण. त्यानं ऐकलं न्हाई. का ऐकलं न्हाई ते त्यानं मला सांगावं, मग बघू राजीबिजी."

नानासो उठला. "बाई, ह्यो अविश्वास हाय."

"अविश्वास असता तर घरी बसले नसते व्हय? हितं कशाला कडमडले असते?"

नानासो धरून मंडळीच्या पंचांनी ठरवलं, राजी म्हणेपर्यंत हिला भाकर नाही. शहाणेच ते! रडणाऱ्या बाईला जेवणावरून उठवायचं आणि वर त्याला शिस्त म्हणायचं.

आणि सुलाबाईला ती भाकर हवी होती हो, मनापासून हवी होती. त्या एकाच पंगतीत तिला वाटायचं, दाविद पलीकडच्या बाजूला बसलाय. शेजारची अंबूबाई सांगायची, "म्हण की गं एकदाचं. जिभेला काय काटं टोचत्यात?" पण ज्याच्या घरी जेवायचं त्यालाच तोंडावर लबाड बोलायचं, हे तिला जमेना. दर प्रभुभोजनाला ती दाराबाहेर पायरीवर बसायची. आत प्याला फिरायचा आणि बाहेर ही डोक्यावर पदर घेऊन देवाशी तंडायची, चांगली ओठ हलवून. "तुजं पोरगं मेलं तवा तिसऱ्या दिशी उठवलंस. माज्या पोराच्या येळंला कुठं गेला हुतास?"

पुढच्या साली नानासोची बायको धोंडुबाई तापानं गेली. नानासो उभा राहिला, घसा खाकरला आणि ठणठणीत आवाजात म्हणाला, "प्रभूनं नेलं, मी राजी हाय." काय तो विश्वास! पाळकसाहेबांनी त्याच्यावर अख्खं प्रवचन ठोकलं. नानासोनं भाकर खाल्ली, मिशा पुसल्या. सुलाबाईनं पायरीवरून ते बघितलं आणि तोंड फिरवलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी बाया जेवायला गेल्या होत्या, तेव्हा नानासो वखारीत तिच्यापुढं येऊन बसला.

"सुलाबाई, मी राजी न्हाई गं."

तिचे हात थांबले नाहीत. "मग तितं का न्हाई बोलला?"

"मंडळी काय म्हणाली असती?"

"आन मला कशापायी सांगतासा? ज्यानं नेली त्याला सांगा. भांडा जाऊन. मी रोज भांडती."

नानासो हळूच म्हणाला, "भ्या वाटतं. भांडलो आन पलीकडं कुणीच नसलं तर?"

घ्या! हा मंडळीचा खांब. सारा जन्म देवळात मोठ्यानं प्रार्थना म्हटली आणि कुणी ऐकतंय का, हे एकदाही वळून बघितलं नाही. शंका आली नव्हती ती विश्वास होता म्हणून नव्हे, कधी मनापासून हाकच मारली नव्हती म्हणून.

सुलाबाईला वाटलं, आता तरी हा बाबा पंचांत आपली बाजू घेईल. घेतोय कशाला! बैठकीत तिचं नाव निघालं आणि सगळ्यांच्या आधी नानासोच बोलला, "राजी म्हणत न्हाई तवर न्हाई."

सुलाबाईकडनं अंबूबाईला हे सगळं कळलं तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "भर देवळात हुभी ऱ्हा आन पाड त्याचं पितळ उघडं," ती म्हणाली. "तुला भाकर मिळल, न्हाईतर त्याची तरी बंद हुईल."

"नगं," सुलाबाई म्हणाली. "मला भांडायला निदान कुणीतरी हाय. त्याला त्येवडंबी न्हाई."