नसलेल्या तळ्याच्या काठाकाठाने

माझ्या बायकोच्या काकांनी मला सगळी अंधेरी पायी हिंडून दाखवली, आणि त्यांनी दाखवलेली एकही गोष्ट जागेवर नव्हती. जगात वाटाडे पुष्कळ असतील, पण नसलेल्या गोष्टी दाखवण्यात त्यांचा हात धरणारा मी तरी पाहिला नाही.

संपानंतर गिरणी पुन्हा उघडली नाही आणि काका मरोळच्या घरी बसले. बसले म्हणजे काय, आठवडाभर बसले असतील. मग चपला घातल्या आणि दर रविवारी सकाळी माणसं गोळा करून ‘जुनं गाव’ दाखवायला लागले. माणसं आपली नावाला. जावई म्हणून सुटका नसलेला मी. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून येणारे शेजारचे कच्छी शेठ. आणि बँकेतल्या एक बाई, ज्यांना इतिहासाची फार आवड आहे असं त्या स्वतःच सगळ्यांना सांगत. काकांच्या हातात बारमाही छत्री. तिचं कापड इतकं विरलेलं, की पाऊस आला तर आधी छत्रीच आडोसा शोधायची. पण ती पावसासाठी नव्हतीच. तिच्या टोकाने काका हवेत झाडं लावत, देवळं बांधत, बैलगाड्या हाकत.

बसस्टॉपजवळ ते आम्हाला भर मे महिन्यात उन्हात उभे करत आणि म्हणत, “हा पिंपळ. जरा सावलीत या.” पिंपळ तोडून रस्ता रुंद केल्याला जमाना लोटलेला. पण काका घाम टिपून असा काही सुस्कारा सोडत, की आम्ही त्या सावलीत दाटीवाटीने उभे राहायचो. शेठना तर एकदा तिथे सर्दी झाली. पुढे पंक्चरवाल्याचं दुकान. त्याच्याखाली म्हणे गावची विहीर बुजवलेली. काका त्याला टायर बाजूला घ्यायला लावत आणि आम्ही फरशीवर ओणवे होऊन आत बघत असू. “फार कडेला नको हं बाई, निसरडं आहे.” पंक्चरवाला पहिल्या रविवारी हसला. दुसऱ्या रविवारी त्यानेही डोकावून पाहिलं. पुढे त्याने ट्रकचे टायर त्या कोपऱ्यात ठेवणंच बंद केलं. उगाच भार नको म्हणून.

एकदा बँकेतल्या बाईंनी धीर करून विचारलं, की जोगेश्वरीची लेणी इतकी जुनी, इतकी जवळ, ती कधी दाखवणार? काकांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

“ती आहेत ना अजून? मग तुमच्या तुम्ही बघून या. असलेल्या गोष्टीला सोबत कशाला लागते?”

फेरीचा शेवट ठरलेला. कारखान्यांच्या गाळ्यांमागे एक ओसाड मैदान होतं, भराव टाकलेलं, वर रानगवत. “हे तळं,” काका म्हणायचे, आणि इथे मात्र छत्री खाली यायची. रिक्षा स्टँड समोरच, मैदानातून सरळ गेलं की आलंच. पण काका कुणाला आत पाय टाकू देत नसत. सगळ्या वरातीने काठाकाठाने वळसा घालायचा, तोही मुकाट. घाट कुठे, म्हशी कुठे डुंबायच्या, काही सांगणं नाही. एकदा शेठ घाईत सरळ आत शिरले, तर काकांनी त्यांना सदऱ्याला धरून असं बाहेर खेचलं, की शेठनी काठावर येऊन आधी धोतर पिळलं. शपथेवर सांगतो, मला पाणी टपकताना दिसलं.

घरी येऊन मी यावर पोटभर हसलो. बायको हसली नाही. तिने सांगितलं, काकांची मुलगी त्या तळ्यात बुडाली. बेबी म्हणायचे तिला. काकी धुणं घेऊन गेली होती, बेबी बरोबर. काका गिरणीत पाळीवर. निरोप पोचून ते येईपर्यंत बेबीला घरी आणून निजवलेलं. तळ्यात नेमकी कुठे, ते एकट्या काकीने पाहिलेलं. काकांनी कधी विचारलं नाही, काकीने कधी सांगितलं नाही, आणि ती परत त्या बाजूला फिरकली नाही. संसार झाला, चहा-साखर-रॉकेल सगळ्यावर बोलणं झालं, बेबीचं नाव मात्र घरात निघालं नाही. मग तळंही बुजलं. एवढ्या मैदानात कुठल्या मातीवर पाय ठेवायचा नाही हे ठाऊक नव्हतं, म्हणून काका कुठेच ठेवत नव्हते.

पुढच्या रविवारपासून मी वळसा जरा मोठाच घालू लागलो.

मग मैदानात बिल्डरचा फलक लागला. येत्या सोमवारपासून भोवती पत्रे लागणार, मग खोदकाम. काकांची सगळी ऐट उतरली. नुसते काकीभोवती घुटमळायचे. शेवटी शनिवारी जेवताना, ताटाकडे बघत म्हणाले, “उद्या शेवटची फेरी. मग तिथे जाता येणार नाही.” काकीने त्यांना भात वाढला. एवढंच.

रविवारी पाहतो तर काकी चपला घालून दारात उभी. पिंपळाच्या सावलीत ती आमच्याबरोबर थांबली, विहिरीत मात्र डोकावली नाही. काका त्या दिवशी पिंपळाला वड म्हणाले आणि कुणीही त्यांना दुरुस्त केलं नाही. मैदान आलं. आम्ही सवयीने काठाने वळलो. काकी वळली नाही. पदर खोचून ती गवतातून सरळ आत चालू लागली.

काका किंचाळलेच. “गो, खंय चललंस? खोल आसा थंय!”

माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करायची लोकांना सवय आहे. यातलं काही वजा करू नका. काकी चालत राहिली. पलीकडच्या कडेच्या जरा अलीकडे थांबली, पायाने गवत बाजूला सारलं आणि वळून, ती जागा दाखवत म्हणाली, “हय.” मग थोड्या वेळाने, “पाणी नाय आता. येवा.”

काकांनी छत्री माझ्या हातात दिली. चपला काढून काठावर ठेवल्या. पायजमा गुडघ्यांच्या वर गुंडाळला, आणि त्या खडखडीत कोरड्या मातीत एकेक पाऊल चाचपत ते आत उतरले.

आता तिथे इमारत आहे. काका गेले, मागोमाग काकीही गेली. छत्री माझ्याकडेच राहिली. बँकेतल्या बाईंनी त्याच इमारतीत जागा घेतली, त्यामुळे अधूनमधून जाणं होतं. काकीने दाखवलेली जागा जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी येते. तिथे मी उगाच रेंगाळतो. संध्याकाळी पोरी धडधडत जिना उतरतात आणि माझ्या तोंडून निघून जातं, “हळू गं, हळू.” त्या माझ्याकडे बघून फिदीफिदी हसतात आणि माझ्या बाजूने धावत, कोरड्या ठणठणीत अंगणात निघून जातात.