मंडईला रजा मागायची नसते

चंद्रपूरच्या कामगार न्यायालयात शपथेवर मी खोटं बोललो. ‘मला माहीत नाही’, एवढंच. पण त्यामुळे डोमाजीभाऊंचं काम गेलं आणि हमालांची उभी राहू पाहणारी युनियनही मोडली. यंदा दसऱ्यानंतर वडशाच्या बाजारात त्यांच्या गावचा एक जण भेटला आणि म्हणाला, “दिवाणजी, डोमाजीभाऊ गेले. तापाचं निमित्त झालं.” माझ्या हातात भाजीची पिशवी होती. खरं सांगतो, आधी दुःख झालं नाही. आता माफी कोणाकडे मागायची, हाच विचार आला... आणि त्याचीही लाज वाटली.

नव्वदचं दशक संपत होतं तेव्हा आरमोरीकडच्या एका राइस मिलमध्ये मी दिवाणजी होतो. हजेरी घेणं आणि मजुरांना काम वाटून देणं माझ्याकडे. डोमाजीभाऊ तिथे हमाल. रिकाम्या पोत्याचा एक कोपरा आत खोचून ते त्याची खोळ करायचे आणि डोक्यावरून पाठीवर सोडून धानाची पोती वाहायचे. जेवायच्या सुट्टीत तेच पोतं खाली अंथरायचे आणि स्वतः कडेला सरकून बसायचे. उरलेलं अर्धं पोतं येणाऱ्यासाठी. मी घुटमळलो की म्हणायचे, “बसा ना दिवाणजी, पोत्यानं का तुमची जात जाते? लय झालं तं पँटीले कोंडा लागन.”

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्रा, भरते. दंडार, म्हणजे नाचगाण्याचा लोकनाट्याचा खेळ, होते, घरोघरी पाहुणे येतात, लेकीबाळी माहेरी येतात. ज्याच्या गावची मंडई, तो गडी त्या दिवशी मिलमध्ये यायचा नाही. तो रजा मागायचा नाही आणि कोणी त्याला विचारायचंही नाही. बाकीचे त्याच्या वाट्याची पोती उचलायचे. त्यांच्या मंडईला तो त्यांची उचलायचा. शेठच्या वडिलांपासून हे असंच चालत आलेलं. एका हमालाचा हात पोत्यांच्या थप्पीखाली सापडून मोडला आणि शेठने त्याला घरी बसवलं, तेव्हा डोमाजीभाऊंना या रिवाजाचीच आठवण झाली. सगळ्यांना जमवून ते म्हणाले, “मंडईले आपन एकमेकाचं वझं उचलतो का नाई? मंग हात मोडल्यावर काऊन नाई? युनियन म्हंजे हेच. फकत आता ते सरकारदरबारी नोंदवाचं.”

तेव्हा नोंदणीला सात जण पुरत. सात जण उभे राहिले. कुणीतरी भीत भीत विचारलं, “अन् शेठनं काहाडलं तं?” भाऊ म्हणाले, “वकिलाले विचारून आलो. युनियन केली म्हून काहाडता येत नाई. कायदाच तसा हाय.” कायदा तसाच होता. पण तो शेठलाही ठाऊक होता. म्हणून युनियनबद्दल शेठ चकार शब्द बोलला नाही. तो मंडईची वाट पाहत राहिला.

भाऊंच्या गावची मंडई झाली आणि दुसऱ्या दिवशी फाटकावर त्यांना अडवलं. रजेशिवाय गैरहजर, म्हणून कामावरून कमी. उरलेल्या सहा जणांना शेठने एकेकटं आत बोलावलं. बाहेर येताना प्रत्येकाची मान खाली होती.

भाऊ एकटेच न्यायालयात गेले. शेठच्या बाजूने साक्षीदार मी. “यांनी रजा मागितली होती का?” “नाही.” ते खरंच होतं. मग भाऊंच्या वकिलाने विचारलं, “मंडईच्या दिवशी रजा मागायची मिलमध्ये पद्धत होती का?” सगळा खटला या एका प्रश्नावर होता. हमाल भीतीने साक्षीला आले नव्हते. मी शेठचा माणूस, माझ्या तोंडून रिवाज निघाला असता तर काढण्याचं खरं कारण युनियन होती हे उघडं पडलं असतं. मी शेठकडे पाहिलं. म्हणालो, “मला माहीत नाही.”

वकील पुढचा प्रश्न विचारणार होता. त्या दिवशी तुम्ही स्वतः कुठे होता? कारण त्या दुपारी मी धानाचा नमुना पाहायला म्हणून निघालो होतो आणि थेट दंडारीत जाऊन बसलो होतो... भाऊंच्याच शेजारी, त्यांच्याच पोत्यावर. मी कठड्याला घट्ट धरून उभा राहिलो. पण भाऊंनी वकिलाचा कोट मागून ओढला आणि मान हलवली. प्रश्न आलाच नाही. भाऊ खटला हरले.

पुढे ते वडशाला रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करू लागले. भेटले की चारचौघांत हटकायचे, “काय दिवाणजी, रजा मांगून आले का?” लोक हसायचे, मीही हसायचो. एकदाच, दोघेच असताना मी विचारलं की त्या दिवशी वकिलाला का थांबवलं. ते बिडी विझवत म्हणाले, “मले काहाडलं, तं माह्यासाठी कायदा तरी होता, भांडलो. तुमी हमाल नाई, शेठचे मानूस. तुमाले काहाडलं असतं तं तुमच्यासाठी कोन होतं?” माफीचे शब्द तेव्हा अगदी ओठांवर होते... मी चहा मागवला.

गेल्या आठवड्यात त्यांच्या गावची मंडई होती. मी गेलो. दंडारीसमोर त्यांची बायको भागाबाई बसल्या होत्या. खाली भाऊंचं तेच पोतं, आता कडा उसवलेलं. त्या एका कडेला सरकून बसल्या होत्या. अर्धं पोतं रिकामं. आसपास मिलमधले जुने हमाल होते, त्या सहांपैकीही काही. मला पाहून बाई म्हणाल्या, “या दिवाणजी, बसा. ते असते तं म्हनले असते, रजा मांगून आले का?”

कोणी हसलं नाही. मी बसलो नाही. ढोलकी थांबेपर्यंत उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, “बाई, मंडईला आपल्या मिलमध्ये कोणीच रजा मागत नव्हतं. मला माहीत होतं. त्या दिवशी मी इथंच, भाऊंच्या शेजारी, या पोत्यावर बसलो होतो. मीही रजा मागितली नव्हती. कोर्टात मी खोटं बोललो. मला माफ करा.”